मोटारीची झळाळी : घरची की कारागिराची?

२०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. तेथील झळाळी पाहून आपलीही जुनी मोटार उजळून घ्यावी, असे कित्येकांना वाटले असेल. परंतु आधी पांढऱ्या फडक्याने, किंचित पॉलिश लावून, एखादा आडोशाचा कोपरा चोळून पाहावा. फडक्यास मोटारीचा रंग लागला, तर त्यावर पारदर्शक लेप नाही, असे समजावे. असा रंग यंत्राने घासणे हे जाणत्या कारागिराचेच काम. नव्या मोटारीवरील लेपही मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा. तोही घासण्यागणिक झिजतो. धुणे मात्र घरीच बरे : सावलीत, मऊ फडक्याने, एक बादली साबणाची नि दुसरी फडके खळबळण्याची. झळाळी पुन्हा आणता येते. वडिलांच्या काळचा मूळ रंग एकदा गेला की गेलाच!