हातात कामे तीनच!

उन्हाळ्यात एकदा आपल्याच घराभोवती चक्कर मारून पाहा. गोठ्याची भिंत कमरेइतकी येऊन थांबलेली. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी ओसरीवर, त्यांवर कोंबड्या बसतात. विहिरीवरचा पंप खोलून ठेवलेला. वारसनोंदीचे कागद तलाठ्याकडे दिले, त्यानंतर आपणच विचारायला गेलो नाही. चारही कामांत पैसा गेला आणि एकाचाही उपयोग नाही. कष्टात तर कसूर नाही. मग चुकते कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर जपानमधल्या मोटारीच्या कारखान्यात सापडले. महायुद्धानंतर टोयोटा कंपनी डबघाईला आली होती. १९५० साली कामगारकपात झाली. सुट्या भागांचे ढीग करून ठेवायचे, तर त्यात अडकवायला पैसा नव्हता. तिथले व्यवस्थापक ताइची ओनो यांनी अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांची रीत ऐकली होती. गिऱ्हाईक फळीवरून माल उचलते, आणि जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल पुन्हा भरतात. १९५३च्या सुमारास ओनोंनी हीच रीत यंत्रशाळेत आणली. भागांबरोबर एक चिठ्ठी असे: कोणता भाग, किती नग, कुठून कुठे. भाग वापरले की चिठ्ठी मागे जायची, आणि ती आली तरच नवे भाग करायचे. नाही आली तर हात रिकामे राहिले तरी चालतील! जपानीत पाटीला 'कानबान' म्हणतात. तेच नाव या पद्धतीला पडले.

पुढे संगणकवाल्यांनी ती उचलली. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या हैदराबादच्या एका तुकडीकडे दुरुस्तीची कामे तुंबली होती. एकेक काम हातावेगळे व्हायला पाच-पाच महिने लागत. डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने प्रत्येक कामाचा आधी अंदाज काढत बसणे बंद केले आणि हातातल्या कामांना मर्यादा घातली. वर्षाच्या आत तेच काम काही आठवड्यांत होऊ लागले.

आता अशा कामांची पाटी भिंतीवर लावतात. ती आपल्या ओसरीवरही लागेल. खडूने दोन उभ्या रेघा मारा, म्हणजे तीन रकाने झाले: 'करायचे', 'हातात', 'झाले'. एका कामाला एक चिठ्ठी. 'गोठा बांधणे' असे लिहू नका, ती चिठ्ठी सहा महिने हलत नाही. 'उत्तरेची भिंत' असे लिहा. आणि 'हातात' या रकान्यात तीनच चिठ्ठ्या. एक 'झाले'मध्ये सरकल्याशिवाय चौथी घ्यायची नाही. सगळी गंमत या एका नियमात आहे. तो नसेल तर पाटी म्हणजे नुसती भिंतीची शोभा. तलाठ्याकडे अडकलेल्या कामाची चिठ्ठीही जागा अडवून बसते, म्हणून ती रोज डोळ्यांत खुपते आणि कोणीतरी उठून चौकशीला जाते.

पेरणी, धारा, चारापाणी यांच्या चिठ्ठ्या करू नयेत. वाफसा चिठ्ठीची वाट पाहत नाही. तेव्हा पाटी विसरावी आणि पाभर धरावी.

माजघरातल्यांनीही चिठ्ठ्या लिहाव्यात. मग कोणती तीन, यावरून पहिल्या दिवशी भांडण होते. होऊ द्यावे. आमच्याकडे ते दोन संध्याकाळी चालले, आणि मोरीच्या सांडपाण्याची आईची चिठ्ठी, जी कधीची तोंडीच होती, पंपाच्या वर लागली.