आकडे ढिगानं आहेत, म्हणून खरे आहेत का?

सांख्यिकी परिषदेची कार्यक्रमपत्रिका कारखान्यातल्या माणसाला दाखवा, उत्तर ठरलेलं. ‘ही बीजभाषणं प्राध्यापकांसाठी असतात हो. आमचा सेन्सर दर सेकंदाला आकडा देतो. एवढा डेटा असताना नमुना कशाला आणि व्याख्यान कशाला?’ ग्रॅफाइट इलेक्ट्रोडपासून औषधी गोळ्यांपर्यंत सगळं बनवणाऱ्या मंडीदीपमध्ये हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता सौम्यपणे उत्तर देणं जड जातं. तरी प्रयत्न करतो.

नमुन्यावरून काढलेल्या अंदाजात चूक दोन प्रकारची असते. एक योगायोगाची. ती नमुना वाढवला की कमी होते, तीही कासवाच्या गतीनं: चौपट आकडे घ्या, चूक निम्मी होते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली, म्हणजे कल. ती आकडे वाढवून तसूभरही हलत नाही. भट्टीतलं थर्मोकपल चार अंश जास्त दाखवत असेल, तर आठ तासांच्या पाळीत 28,800 नोंदी मिळतील आणि त्यांची सरासरीही चार अंशांनी चुकलेलीच असेल. भर म्हणजे एका सेकंदातलं तापमान पुढच्या सेकंदात फारसं बदलत नाही, त्यामुळे त्या 28,800 नोंदी म्हणजे 28,800 स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार तेच ते सांगत बसलेला असतो.

हे ‘पुस्तकी’ वाटत असेल तर 2021 सालचं उदाहरण घ्या. अमेरिकेत कोविडची लस किती प्रौढांनी घेतली, हे फेसबुकमार्फत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांना विचारलं जात होतं. मे महिन्यात या पाहणीचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींपेक्षा 17 टक्के-बिंदूंनी जास्त निघाला. त्याच काळात जेमतेम हजार लोकांना, पण काळजीपूर्वक निवडून, विचारणारी एक पाहणी खऱ्या आकड्याच्या जवळपास राहिली. हा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापून आला आहे. त्याच्या लेखकांपैकी एक, हार्वर्डचे शिआओ-ली मेंग, यांनी 2018 सालीच याचं गणित मांडलं होतं. उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यात अगदी नगण्य फरक असला, सहसंबंध 0.005 एवढाच, तरी अमेरिकेतल्या 23 लाख मतदारांची उत्तरं यादृच्छिक निवडलेल्या 400 उत्तरांच्या तोडीची ठरतात. 23 लाखांचे 400! हे ऐकून समोरचा म्हणतो, ‘तिकडचं वेगळं.’

मग इकडचं घ्या. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, पण त्याआधी 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीककापणीच्या तुकड्यांचा प्रश्न हाती घेतला. शेतात किती मोठा तुकडा आखून कापायचा? तुकडा लहान ठेवला तर कमी श्रमात जास्त तुकडे होतात, म्हणजे नमुना मोठा. सुखात्मे यांनी दाखवलं, की फार लहान तुकड्यांवरून उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त निघतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळाच्या मानानं कड दुप्पट होते, आणि चूकही वाढते. असे हजार तुकडे कापले तरी उत्तर फुगलेलंच. प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांचा सुखात्म्यांशी झालेला वाद बराच गाजला, आणि त्यात दोन्हीकडून युक्तिवाद होते. पण तुकड्यांची संख्या वाढवली की कल जातो, असं त्या वादात कोणीही म्हणत नव्हतं.

आता बीजभाषणांबद्दल. भारतीय सांख्यिकी परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी 1938 मध्ये कलकत्त्यात भरलं, अध्यक्ष होते आर. ए. फिशर. त्यांच्या भाषणाचा मुद्दा असा: प्रयोग उरकल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं, फार तर तो मृत्यूचं कारण सांगेल. आकडे कुठून, कधी आणि कोणी घ्यायचे, हे आधी ठरवा, एवढंच. फिशर रोथॅमस्टेडच्या शेतांवरच्या प्रयोगांत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस होता. यात ‘प्राध्यापकांसाठी’ काय होतं?

शेवार्ट तर थेट कारखान्याचेच. त्यांनी 1924 मध्ये कंट्रोल चार्टची कल्पना मांडली आणि 1947-48 च्या सुमारास महालनोबीसांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांच्या तक्त्यावरच्या मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारांवरून निघतात, स्पेक मात्र ग्राहक देतो. दोन्ही रेषा एकाच तक्त्यावर काढून ‘सगळं आत आहे’ म्हणणारे आजही भेटतात, आणि मग रिजेक्शन का वाढलं म्हणून आश्चर्य करतात.

बाकीचे गैरसमज उभ्या उभ्या. ‘राज्य मोठं, तर नमुनाही त्या प्रमाणात मोठा हवा’: नाही. नीट निवडलेली हजार माणसं रायसेन जिल्ह्याला जेवढी पुरतात, जवळजवळ तेवढीच अख्ख्या मध्य प्रदेशाला. ‘प्रत्येक नग तपासला की दोष सुटत नाही’: तपासणारा माणूस थकतो, दोष सुटतात. ‘पी-मूल्य 0.05 च्या खाली, म्हणजे आमचं म्हणणं 95 टक्के खरं’: हा अर्थ चुकीचा आहे, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं 2016 मध्ये लेखी निवेदन काढून सांगितलं आहे. आणि ‘भोपाळचं मंडीदीप’: पत्त्यापुरतं चालेल, पण गाव रायसेन जिल्ह्यात आहे. भोपाळ जिल्ह्यातल्या कारखान्यांची यादी घेऊन नमुना काढायला बसलात, तर इथला एकही कारखाना त्यात येणार नाही.