सर्वेक्षण जहाज समुद्रात काय मोजते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सफाळ्याच्या पश्चिमेला, दातिवरे ते केळव्यापर्यंतच्या किनाऱ्यासमोर, भारतातली सर्वांत रुंद समुद्रबूड जमीन पसरली आहे. या पट्ट्यात सर्वेक्षणाचे जहाज दिसले की तेल काढायला सुरुवात झाली, असे अनेकांना वाटते. ते जहाज तेल काढत नाही. तळाखालच्या थरांची नोंद घेते. मुंबई हायचा अंदाज १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या पाहणीतून आला, तेल मात्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फलाटाने विहीर खोदल्यावरच सापडले.

पाण्यात सुरुंग फोडतात, हाही असाच एक समज. पूर्वी स्फोटके वापरत. आता एअरगनमधून दाबलेली हवा सोडतात. तिचा आवाज थरांवर आदळून परततो आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलमधले ध्वनिग्राहक तो टिपतात. म्हणून मच्छीमारांची तक्रार निराधार ठरत नाही. ही केबल जाळी तोडू शकते आणि आवाज दूरवर जातो. बॅरेंट्स समुद्रातल्या प्रयोगात एअरगन सुरू असताना कॉड माशांची पकड जवळपास निम्म्याने घटली होती. पाहणीची आगाऊ सूचना आणि जाळ्यांची भरपाई हा मच्छीमारांचा रास्त हक्क आहे.

सगळी उपकरणे जहाजावरच असतात, असेही नाही. जहाजाच्या लोखंडाने वाचन बिघडू नये म्हणून चुंबकमापक दूर मागे ओढतात. गुरुत्वमापक जहाजावर असतो, पण जहाज पूर्वेकडे निघाले की गुरुत्व किंचित कमी भरते. तेवढी दुरुस्ती करावीच लागते.

खाडीत बुडबुडे दिसले म्हणजे खाली वायूचा साठा आहे, असे नव्हे. चिखलातले सूक्ष्मजीवही मिथेन तयार करतात. तो खोल थरांतल्या वायूपासून कार्बनच्या समस्थानिकांवरून आणि इथेनच्या प्रमाणावरून वेगळा ओळखता येतो.

पाणी बाटलीत भरून सावकाश प्रयोगशाळेत तपासता येते, हा समजही चुकीचा आहे. ठरलेल्या खोलीवर बंद होणाऱ्या बाटल्यांतले पाणी बुडबुडा न येऊ देता काढतात आणि त्यातला ऑक्सिजन तिथल्या तिथे रसायनांनी बांधून ठेवतात. विंकलरची ही पद्धत १८८८ पासूनची. आधुनिक संवेदकही तिच्यावरच ताडून पाहतात. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो, हे अशाच मोजमापांतून ठरले.

समुद्र सर्वत्र कार्बन डायऑक्साइड शोषतो, हेही खरे नाही. १९९०च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून झालेल्या मोजणीत मध्य व पूर्व अरबी समुद्र वर्षाचा बराच काळ हा वायू हवेत सोडत असल्याचे आढळले.