डॅशवूडचा ‘हेलफायर क्लब’: आधी साक्षीदार कोण ते बघा

सिनॉप्सिस लिहिताना एक मोह होतोच. गोष्ट जितकी चटपटीत, तितकी ती आपल्या प्रकरणात घालावीशी वाटते. सर फ्रान्सिस डॅशवूड (१७०८-१७८१) या माणसावर लिहिताना तर हा मोह भल्याभल्यांना आवरलेला नाही.

डॅशवूड इंग्लंडमधला बडा जमीनदार आणि खासदार. १७६२-६३ मध्ये अर्थमंत्री, पुढे पोस्टमास्टर जनरल. १७५० च्या सुमारास त्याने टेम्सकाठचा मेडमेनहॅमचा जुना मठ भाड्याने घेतला आणि मित्रांना जमवून तिथे ‘मठवासीयांची’ एक खासगी मंडळी चालवली. दारू, बायका, गुहेतले विधी, सैतानाची पूजा... तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच.

आता एकेक धागा ओढून बघा. ‘हेलफायर क्लब’ हे नाव मुळात ड्यूक ऑफ व्हार्टनच्या लंडनमधल्या क्लबचं. अशा क्लबांविरुद्ध राजाचा जाहीरनामा निघाला १७२१ मध्ये. तेव्हा डॅशवूड बारा वर्षांचा होता! ते नाव त्याच्या मंडळीला मागाहून चिकटलं. गुहा आहेत त्या वेस्ट वायकम इथे, मठापासून काही मैल दूर. तिथली खडूची माती काढून रस्ता बांधला, गावकऱ्यांना काम मिळालं.

राहिली सैतानाची पूजा. माकडाला सैतान समजून सगळे घाबरले, हा प्रसिद्ध किस्सा चार्ल्स जॉन्स्टनच्या ‘क्रिसल’ या कादंबरीच्या १७६५ मध्ये आलेल्या भागातला. या कादंबरीत सोन्यातला आत्मा एका नाण्याच्या प्रवासाची कहाणी सांगतो. असं पुस्तक तळटीपेत पुरावा म्हणून टाकलंत, तर व्हायव्हात काय होईल याची कल्पना करा.

जॉन विल्क्सचं काय? तो स्वतः या मंडळीत होता, म्हणजे आतला साक्षीदार. पण तारखा लावून बघा. डॅशवूड ब्यूटच्या मंत्रिमंडळात गेला आणि विल्क्स त्याच सरकारवर ‘नॉर्थ ब्रिटन’मधून तुटून पडला. एप्रिल १७६३ च्या ४५ व्या अंकावरून त्याला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये त्याच्यावर ठपका असलेली एक अश्लील कविता हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये वाचून दाखवली, ती लॉर्ड सँडविचने. हाही मेडमेनहॅमचाच जुना गडी! मठाच्या कहाण्यांना ऊत आला तो या भांडणात. म्हणून विल्क्स खोटारडा ठरत नाही. मठाच्या बागेचं, इमारतीचं त्याचं वर्णन उपयोगाचं आहेच. फक्त तो कुठल्या वर्षी, कोणावर रागावलेला असताना लिहितोय, ते शेजारी मांडा. होरेस वॉलपोलने मठ पाहिला होता, पण तो सभासद नव्हता. जागेबद्दल त्याचं ऐका, आत काय चालायचं याबद्दल तो ऐकीवच सांगणार.

मंडळीचा कारभारी पॉल व्हाइटहेड १७७४ मध्ये वारला, त्याआधी त्याने कागद जाळले असं सांगतात. ‘जाळले म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार’ हे वाक्य गाईडसमोर बोलू नका. जळालेला कागद कुठल्याच बाजूने साक्ष देत नाही.

आणि डॅशवूडला धुतल्या तांदळासारखं दाखवायचीही गरज नाही. १७४२ चं नॅप्टनने काढलेलं त्याचं चित्र शोधून बघा: संत फ्रान्सिसचा वेष, हातात चषक, समोर व्हीनसची मूर्ती. हे शत्रूने रचलेलं नाही, तो स्वतःच चित्रकारासमोर बसला होता. धर्माची टवाळी इथे उघड दिसते, सैतानपूजा दिसत नाही. आणि याच गृहस्थाने पुढे बेंजामिन फ्रँकलिनबरोबर प्रार्थनापुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती केली, १७७३ मध्ये ती छापून आली. त्या दोस्तीवरून फ्रँकलिनलाही ‘सभासद’ करून टाकणारे लेखक आहेत. अशांची पुस्तकं वाचायला घेतलीत, तर आधी शेवटची संदर्भसूची उघडा आणि त्यात १७७४ पूर्वीचं नेमकं काय आहे ते मोजा.