माकडतापाची पहिली खबर

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली, आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, दोन्हींच्या नमुन्यांतून एकच नवा विषाणू शोधून काढला. क्यासनूर वनज्वर किंवा माकडताप या नावाने तो रोग ओळखला जातो, आणि २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले.

माकडताप हा प्राणिजन्य, म्हणजे प्राण्यांशी निगडित विषाणूमुळे माणसाला होणारा रोग आहे. मात्र तो माकडाच्या चाव्याने नव्हे, तर गोचिडीच्या चाव्याने होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पालापाचोळ्यात पसरतात, आणि काजू किंवा जळण गोळा करणाऱ्यांना नेमक्या त्याच जागी धोका निर्माण होतो. रानात चरणारी गुरे या रोगाने सहसा आजारी पडत नाहीत, परंतु पूर्ण वाढलेल्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसल्या जात असल्यामुळे गोचिडींची संख्या वाढते.

म्हणूनच या रोगाची पहिली खबर पुष्कळदा दवाखान्यात नव्हे, तर जंगलात मिळते. वनरक्षकाने मेलेले माकड कळवावे, पशुवैद्याने शवविच्छेदन करून नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी मृत माकडाभोवतीच्या सुमारे ५० मीटर परिसरात कीटकनाशक भुकटी टाकून घरोघरी तापाचे रुग्ण शोधावेत, अशी ही साखळी आहे. सुरुवातीचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी इतर तापांसारखीच असल्याने, माकडांच्या मृत्यूची माहिती नसलेल्या डॉक्टरला माकडतापाची शंका येणे कठीण असते. शिवाय या विषाणूवर खात्रीचे औषध नसल्यामुळे वेळेवर निदान आणि आधारभूत उपचार यांवरच रुग्णाची भिस्त असते. आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन ही तिन्ही खाती वेगवेगळी असल्याने खबर एका टेबलावरून दुसऱ्यावर जाण्यात गेलेला प्रत्येक दिवस गावकऱ्यांना महागात पडू शकतो, आणि ही दिरंगाई कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही.

काजूच्या हंगामात रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनरक्षक, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी जे जवळ असेल तेथे त्वरित कळवावे, आणि नंतर ताप आल्यास आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.