शेक घ्यायचा, पण परळलाच?

घरात कॅन्सर निघाला तर कुठे जायचं, असं पालीच्या एसटी स्टँडवर कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं, "परळला." मुंबईत परळचं टाटा मेमोरिअल 1941 साली सुरू झालं आणि कोकणातल्या माणसाच्या तोंडी 'टाटा' म्हणजेच कॅन्सरचा दवाखाना झाला. त्यात काही वावगं नाही. खटकतं ते पुढचं वाक्य: "शेक घ्यायचा तर तिथंच, नाहीतर खारघरच्या त्या नव्या मशीनवर. इथंतिथं घेतलेला शेक लागत नाही."

हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, तसंच शिकल्यासवरल्या पुतण्याच्या फोनवरही. पण शेक, म्हणजे रेडिएशन, हा काही नवस नव्हे, की जितकं लांब जाल तितका पावेल!

ऑपरेशनला एकदा जायचं असतं. शेकाला मात्र बऱ्याच आजारांत आठवड्याचे पाच दिवस, मिळून पंचवीस ते पस्तीस वेळा जावं लागतं. टेबलावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. प्रत्यक्ष किरण त्यातली थोडी मिनिटंच सुरू असतात. बाकीचा दिवस जातो रस्त्यात. पालीहून रोज परळ गाठणं अशक्यच. मग नातेवाइकाकडे मुक्काम पडतो, सोबतच्या माणसाचा रोज बुडतो आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटल्यावर पेशंट म्हणतो, "चार दिवस घरी जाऊन येतो." भाद्रपद असेल तर गणपती करूनच येतो.

इथंच घोटाळा होतो. शनिवार-रविवारची विश्रांती हिशोबात धरलेली असते, मधली दांडी नसते. त्या खाड्यात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घटते. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचा आणि आतला शेक मिळून 56 दिवसांत संपवावा, असा दंडक आहे. म्हणजे पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या चांगल्या केंद्रात एकही दिवस न चुकवता घेतलेला उपचार, परळला आठ दिवसांच्या खाड्याने घेतलेल्या उपचाराहून सरस ठरू शकतो. हे कितीदा सांगायचं?

आता ते 'नवं मशीन'. खारघरचं ॲक्ट्रेक टाटाचंच, तेही आपल्याच रायगड जिल्ह्यात, परळच्या वाटेवर आधी लागणारं. तिथे 2023 पासून प्रोटॉन उपचार मिळतो. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडचा भाग वाचतो. लहान मुलं, कवटीच्या तळाच्या गाठी, मज्जारज्जूला चिकटलेले ट्यूमर, अशा ठिकाणी हा मोठाच फायदा. पण सरसकट नाही. अमेरिकेत प्रोस्टेटच्या 450 रुग्णांवर प्रोटॉन आणि नेहमीचं अत्याधुनिक रेडिएशन यांची तुलना झाली. 2024 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत आतड्याच्या त्रासात फरक दिसला नाही.

म्हणून तंत्राला किंमतच नाही, असं मात्र नव्हे. टाटानेच गर्भाशयमुखाच्या ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या 300 स्त्रियांवर अभ्यास केला. रोज चित्र पाहून नेमके किरण देण्याच्या पद्धतीत आतड्याचा दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत 21 टक्के स्त्रियांना झाला, जुन्या पद्धतीत 42 टक्क्यांना. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. तेव्हा केंद्राला विचारायचं ते 'मशीन कितीचं?' नव्हे, तर 'माझ्या आजाराला कोणती पद्धत आणि का?' हे.

परळचा सल्ला घेऊन शेक घराजवळ घेता येतो का? बहुतेक वेळा येतो. 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली केंद्रं टाटाशी जोडलेली आहेत, ती याचसाठी. फक्त निम्मा शेक इथं, निम्मा तिथं हा उद्योग टाळावा. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार शीट चेहऱ्यावर दाबून बनवलेला मुखवटा, अंगावरच्या खुणा, संगणकावरचा आराखडा हे सगळं त्या-त्या मशीनसाठी जमवलेलं असतं. खुणाही जपाव्या लागतात. आपल्याकडच्या घामात त्या पुसट होतात. तशा झाल्या तर घरी पेनाने गिरवू नयेत, केंद्रात सांगावं.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे. बाहेरून शेक घेतलेला माणूस किरणोत्सारी होत नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्याने मात्र काही दिवस अंतर ठेवायचं. कोबाल्टचं मशीन म्हणजे भंगार नव्हे, भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं भाभाट्रॉन आजही रुग्णांच्या कामी येतं. खासगी केंद्र म्हणजे मनमानी, असंही नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय कुणालाच मशीन चालवता येत नाही. आणि 'पैसेवाल्यांचंच काम' म्हणून घरी बसण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात रेडिएशन बसतं.

एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही: "तुमचं मशीन दोन दिवस बंद पडलं तर काय करता?" चांगल्या केंद्राकडे उत्तर तयार असतं. दुसरं मशीन, शनिवारची पाळी, किंवा किमान सहा तासांच्या अंतराने एकाच दिवशी दोनदा शेक. "बघू तेव्हा" असं ऐकू आलं, तर फाइल उचलून पुढचं केंद्र बघायला हरकत नाही.