विदेशी मालकीतील किरकोळ व्यापार : 'सेयू'चा अनुभव आणि सातारा-सांगली

प्रस्तावना : विदेशी भांडवल आल्यास लहान दुकानदार टिकणार नाही, असे सामान्यतः मानले जाते. जपानमधील 'सेयू' या विक्रीसाखळीचा अनुभव या समजुतीची फेरतपासणी करावयास लावतो.

सेयूचा अनुभव : १९६३ मध्ये स्थापन झालेली सेयू ही खाद्यपदार्थ, कपडे व गृहोपयोगी वस्तू विकणारी साखळी होय. अमेरिकेच्या वॉलमार्टने २००२ मध्ये तिच्यात गुंतवणूक केली व २००८ मध्ये संपूर्ण मालकी मिळविली. तथापि 'रोजच कमी किंमत' हे सूत्र तेथे सहज रुजले नाही. जपानी ग्राहक ताजा माल थोडा थोडा, वरचेवर घेतो आणि अतिस्वस्त मालाच्या दर्जाविषयी साशंक असतो. २०२१ मध्ये वॉलमार्टने ८५ टक्के हिस्सा विकला. २०२५ मध्ये सेयू 'ट्रायल' या जपानी समूहाकडे गेली.

स्थानिक संदर्भ : भारताने २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीस परवानगी दिली, मात्र अशी दुकाने प्रामुख्याने १० लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांपुरती ठेवली. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. साताऱ्याची त्याहूनही बरीच कमी. येथील दुकानदारास हे नियमाचे संरक्षण लाभले.

निष्कर्ष : नियम बदलू शकतो, ग्राहकाची सवय सहजासहजी बदलत नाही. पाव किलोची विक्री, उधारीची वही व घरोघरची ओळख ही किराणा दुकानदाराची खरी शक्ती होय. घाऊक खरेदी व साठवणुकीत मात्र तो एकटा दुबळा ठरतो. तेथे वारणा बाजारसारख्या सहकारी ग्राहक भांडाराचा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.